सांताक्रूझला 200, आमच्या गच्चीवर 90: पाऊसवेड्या वाचकांचे प्रश्न

पावसाने जोर धरला की आमच्या टपालात आकड्यांचा पूर येतो. या खेपेच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या रूपांत आहे: घरचा आकडा वेधशाळेशी जुळत नाही आणि मोबाइलवरचा अंदाज खिडकीबाहेरच्या आभाळाशी जुळत नाही. पत्रं थोडक्यात देतो, उत्तरं सविस्तर.

कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली कापून, वरचा भाग उलटा खोचून पर्जन्यमापक केला आणि बाहेर पट्टी चिकटवली. सांताक्रूझला 200 मिमी नोंदला गेला त्या दिवशी माझ्याकडे 90 आले. माझं काय चुकलं? (मुलुंडहून एक वाचक)

कदाचित काहीच नाही. 26 जुलै 2005 च्या त्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला आणि साधारण 20 किलोमीटरवरच्या कुलाब्याला फक्त 73. एकाच शहराच्या दोन वेधशाळांत एवढी तफावत पडू शकते, मग मुलुंड आणि सांताक्रूझची गोष्टच सोडा. जुळवायचंच असेल तर महिन्याची बेरीज जुळवून पाहा. एका दिवसाच्या फरकावरून मापक खोटा ठरवू नका.

तरीही तुमच्या बाटलीत दोष आहेतच. तिचा तळ पाकळ्यांचा असतो आणि कंबर आत गेलेली असते, त्यामुळे पट्टीवरचा एक मिलिमीटर आणि पावसाचा एक मिलिमीटर सारखा राहत नाही. पट्टी काढून टाका आणि पाणी मापाने किंवा वजनाने मोजा.

कृती अशी. प्लंबरकडे 110 मिमीचा पीव्हीसी पाइप मिळतो, तोच ज्याला आपण चार इंची म्हणतो. त्याचा 15 सेंटिमीटरचा तुकडा सरळ कापून घ्या आणि वरची कड बाहेरच्या बाजूने कानशीने घासून धारदार करा. खाली तेवढ्याच तोंडाचं नरसाळं बसवा, सांधा सिलिकॉनने बंद करा आणि नरसाळ्याची नळी पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडा. नुसतं स्वयंपाकघरातलं नरसाळं ठेवू नका. ते उथळ असतं, मोठे थेंब आपटून बाहेर उडतात आणि नेमका मुसळधार पाऊसच कमी मोजला जातो.

आता पाइपचा आतला व्यास मोजा. तो कंपनीगणिक आणि जाडीगणिक बदलतो, म्हणून पाइपवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. समजा आतून बरोबर 10 सेंटिमीटर भरला, तर तोंडाचं क्षेत्रफळ 78.5 चौरस सेंटिमीटर होतं आणि 1 मिमी पाऊस म्हणजे 7.85 मिलिलिटर पाणी. सकाळी कॅनमधलं पाणी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. पाण्याचं वजन भागिले 7.85, आला पाऊस. व्यास मात्र चार ठिकाणी मोजून सरासरी घ्या, कारण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो आणि इथली चूक जवळपास दुप्पट होते: 9.6 सेंटिमीटरचं तोंड 10 चं धरलंत तर पाऊस जवळजवळ 8 टक्के कमी दिसेल. पाच लिटरच्या कॅनमध्ये या हिशेबाने सुमारे 635 मिमी मावतात. 2005 सारखा दिवस पुन्हा आलाच तर मध्येच एकदा कॅन बदलावा लागेल.

मापक कुठे ठेवता, यावर निम्मं यश आहे. जवळचा अडथळा जितका उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर हवं. गच्चीवर पाण्याची टाकी तीन मीटर उंच असेल तर सहा मीटर लांब. कठडा एक मीटरचा असेल तर दोन मीटर. खिडकीच्या ग्रिलला किंवा बाल्कनीत टांगलेला मापक म्हणजे शोभेची वस्तू. विसाव्या मजल्याच्या गच्चीपेक्षा सोसायटीच्या बागेतली मोकळी जागा चांगली, कारण उंचावर वारा थेंबांना तोंडावरून पुढे नेतो. कॅनभोवती चार विटा रचा, पाइपची कड गवंड्याच्या लेव्हलने तपासा. आणि कॅन रोज रिकामा करा, नाहीतर डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून सोसायटीच्या नावाने पालिकेची नोटीस यायची.

नोंद सकाळी 8:30 लाच घ्या, हवामान विभागाचा दिवस तेव्हाच संपतो. 27 तारखेला सकाळी वाचलेला आकडा हा बहुतांशी 26 तारखेचा पाऊस असतो. 944 चा आकडाही 27 जुलैला सकाळीच वाचला गेला. घरच्या वह्यांमधला सगळ्यात मोठा गोंधळ याच तारखेचा असतो. पाऊस नसेल त्या दिवशी 0 लिहा, जागा कोरी सोडू नका. वर्षभराने कोरी जागा पाहिल्यावर पाऊस नव्हता की तुम्ही गावी गेला होतात, ते कळत नाही.

वायफायवर चालणारं तयार हवामान केंद्र घेतलं. रिमझिम पावसात आकडा ठीक येतो, धो-धो पावसात शेजारच्या साध्या मापकापेक्षा 30 टक्के कमी. यंत्र परत करू का? (ठाण्याहून एक वाचक)

थांबा. तुमच्या यंत्रात झोके घेणारी दोन खोलगट पात्रं असतात. एक भरलं की कलंडतं आणि यंत्र एक ठोका मोजतं. बहुतेक यंत्रांत एक ठोका 0.2 मिमीचा असतो. ताशी 100 मिमीच्या सरीत तासाला 500 ठोके, म्हणजे दर सव्वासात सेकंदांनी एक. कलंडायला अर्धा सेकंद लागला तर तेवढ्या वेळातलं पाणी हिशेबाबाहेर जातं. पण ही तूट 7 टक्क्यांच्या आसपास झाली, 30 ची नव्हे. उरलेल्याला कारण दुसरं असणार. आमचा पहिला संशय कबुतरांवर. त्यांची पिसं आणि विष्ठा जाळीवर बसली की पाणी आत हळूहळू झिरपतं, नरसाळं तुंबतं आणि जोराच्या सरीत काठावरून वाहून जातं. दुसरा संशय कोळ्याच्या जाळ्यावर, तिसरा यंत्र तिरपं बसल्यावर.

साफ करून लेव्हल लावल्यावर परीक्षा घ्या. नरसाळ्याचा व्यास 20 सेंटिमीटर असेल तर एका ठोक्याला 6.28 मिलिलिटर पाणी लागतं आणि एक लिटर पाण्याला 159 ठोके पडायला हवेत. एक लिटर पाणी भरलेली बाटली वर टांगा, तिला औषधाच्या दुकानातली सलाईनची नळी लावा आणि चाक असं फिरवा की बाटली तासाभरात रिकामी होईल. हा ताशी 32 मिमीचा पाऊस झाला. 155 ते 163 ठोके आले तर यंत्र निर्दोष. 140 आले तर पात्राखालचे स्क्रू थोडे वर घ्या, म्हणजे पात्र लवकर कलंडेल. दोन्ही स्क्रू सारखेच फिरवायचे, अर्ध्या फेऱ्याहून जास्त नाही, आणि परीक्षा पुन्हा. तांब्याने पाणी ओतून परीक्षा घेऊ नका, त्यात चांगलं यंत्रही नापास होतं.

रडारच्या चित्रात समुद्रावर लालभडक पट्टा दिसतो, आम्ही छत्री घेऊन बसतो आणि काही होत नाही. उलट एकदा नुसता पिवळा रंग होता आणि तासात गुडघाभर पाणी. रडारवर विश्वास ठेवायचा कसा? (बोरिवलीहून एक वाचक)

रडार पाऊस मोजत नाही, थेंबांवरून परतलेली लहर मोजतं. या लहरीची ताकद डीबीझेडमध्ये लिहितात आणि ती थेंबाच्या आकाराला भलतंच झुकतं माप देते: थेंबाचा व्यास दुप्पट झाला की परतावा 64 पट. त्यामुळे थोडे पण टपोरे थेंब रडारला मोठे दिसतात, आणि असंख्य बारीक थेंबांचा पाऊस प्रत्यक्षात जास्त असूनही फिका दिसतो. मुंबईचा ऐन पावसाळ्यातला पाऊस या दुसऱ्या जातीचा. ढग फार उंच नसतात, पण थेंबांची दाटी प्रचंड असते. जगभर वापरल्या जाणाऱ्या जुन्या सूत्राने 45 डीबीझेड म्हणजे ताशी 24 मिमीच्या आसपास. समुद्री, दमट ढगांसाठीचं सूत्र लावलं तर तोच रंग ताशी 55 मिमीच्या पुढे जातो. मे महिन्यात वळवाच्या ढगाला पहिलं सूत्र लावा, जुलैत दुसरं. तुमच्या पिवळ्या रंगाचं कोडं इथेच सुटतं.

रंगापेक्षा तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

पहिली, वेळ. चित्रावर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलं असेल तर साडेपाच तास मिळवा. 09:00 म्हणजे दुपारचे अडीच. हे विसरून शिळ्या चित्रावर वाद घालणारे दर पावसाळ्यात भेटतात.

दुसरी, चाल. 20 मिनिटांच्या अंतराची दोन चित्रं घ्या. पट्टा 10 किलोमीटर सरकला असेल तर वेग ताशी 30. पण पट्टा सरकतोय आणि त्याच्या मागे समुद्रावर नवे ढग जन्मताहेत का, हे मुख्य. जन्मत असतील तर लोकलच्या डब्यांसारखे एकामागून एक ढग एकाच उपनगरावरून जातात. मुंबईची तुंबई करणारा पाऊस बहुधा हाच. प्रत्येक डबा साधा दिसतो, गाडी मात्र संपत नाही. उलट, मागे नवी निर्मिती नसलेला लाल पट्टा किनाऱ्याला येईतो विरून जाऊ शकतो. छत्री घेऊन बसलेल्या दिवशी तेच झालं असावं.

तिसरी, उंची. कमाल परतावा दाखवणाऱ्या चित्राच्या वर आणि उजव्या बाजूला दोन अरुंद पट्ट्या असतात. लोक त्या शोभेच्या समजतात, पण त्यांत ढगाची उंची असते. जुलैत 6-7 किलोमीटरचे ढग दिसले तर नेहमीचा पाऊस. 12-15 किलोमीटर दिसले तर गडगडाट आणि वाऱ्याची तयारी ठेवा.

मुंबईतली दोन रडार ध्यानात ठेवा. कुलाब्याचं एस बँडचं, साधारण 10 सेंटिमीटर लहरीचं. अंधेरीतल्या वेरावलीचं, 2022 मध्ये सुरू झालेलं, सी बँडचं. सी बँडची लहर लहान, ती मुसळधार पावसातून जाताना क्षीण होते. म्हणून वेरावलीच्या चित्रात जवळच्या दाट सरीच्या पलीकडचा भाग फिका दिसला तर तिथे पाऊस कमी आहे असं समजू नका. कुलाब्याचं चित्र उघडून ताळा करा. अंतराचंही भान ठेवा. सर्वांत खालची, अर्ध्या अंशाची किरणशलाका 100 किलोमीटरवर जमिनीपासून दीड किलोमीटर वर असते, 200 वर चारच्या पुढे. डहाणूपलीकडच्या ढगाचा फक्त माथा दिसतो, पोट नाही.

मोबाइलमध्ये वायुदाबमापक आहे. रोज दुपारी चारच्या सुमारास दाब 3 हेक्टोपास्कलने पडतो, पण वादळ येत नाही. सेन्सर बिघडलाय का? (दादरहून एक वाचक)

सेन्सर उत्तम आहे, त्याला वातावरणाची भरती-ओहोटी दिसतेय. आपल्या अक्षांशांवर वायुदाब रोज सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे चार आणि दुपारी चारला उतरतो. म्हणून सकाळशी दुपारची तुलना करूच नका. आज दुपारी चारचा दाब काल दुपारी चारच्या दाबाशी ताडून पाहा. त्यात 3-4 हेक्टोपास्कलची घट आली तर हवामान विभागाचं पत्रक उघडा. आणि मोजताना मजला तोच ठेवा. साधारण 8 मीटर चढलं की 1 हेक्टोपास्कल कमी होतो. विसाव्या मजल्यावर राहणाऱ्याने तळमजल्यावर दाब पाहिला तर सात हेक्टोपास्कलचा फरक लिफ्टमध्येच पडलेला असतो.

अंदाज म्हणाला ‘तुरळक ठिकाणी अति मुसळधार’. तुरळक की अति मुसळधार, एक काय ते सांगा! आणि रेड अलर्ट देऊन ऊन का पडतं? (विलेपार्ल्याहून एक वाचक)

‘तुरळक’ हा शब्द पावसाला लावलेला नाही, ठिकाणांना लावलेला आहे. विभागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस म्हणजे तुरळक ठिकाणी, 26 ते 50 म्हणजे काही ठिकाणी, 51 ते 75 बऱ्याच ठिकाणी आणि त्यावर बहुतांश ठिकाणी. पावसाची मापं वेगळी, तीही 24 तासांची: 64.5 मिमीपासून मुसळधार, 115.6 पासून अति मुसळधार, 204.5 पासून अत्यंत मुसळधार. तेव्हा त्या वाक्याचा अर्थ असा की थोड्या ठिकाणी, पण पडेल तिथे 115 च्या वर. ते ठिकाण पार्लं असेलच असं नाही.

रंग फक्त मिमीवरून ठरत नाहीत. शक्यता किती आणि नुकसान किती, दोन्ही धरतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. लाल इशारा जिल्ह्याला असतो, गल्लीला नाही. शाळा बुडाल्याचा राग आम्हाला कळतो, पण जो इशारा कधीच चुकत नाही तो फार उशिरा दिलेला असतो. सकाळी निघण्याआधी तीन तासांचा तातडीचा अंदाज पाहावा, कालच्या रंगावर विसंबू नये.

इंटरनेटवर अमेरिकेतले वादळांचा पाठलाग करणारे पाहून आम्ही तीन मित्र बाइकवरून मुंबईत असं काही करायचं म्हणतोय. कुठून सुरुवात करू? (डोंबिवलीहून एक महाविद्यालयीन वाचक)

बाइक खाली लावण्यापासून. तिकडच्या मैदानी प्रदेशात सपाट जमीन, काटकोनात गेलेले मोकळे रस्ते आणि मैलोन्‌मैल नजर, म्हणून स्वतःभोवती फिरणारा एकटा ढग लांबून पाहत मागे-पुढे होता येतं. आपल्याकडे जुलैत ढग जमिनीला टेकतात, शंभर मीटरपुढचं दिसत नाही आणि पळायला वाट म्हणजे वाहतूक कोंडीचा शीळफाटा. पाठलाग राहू दे, दबा धरून बसायचं. त्यासाठी डोंबिवली मुंबईपेक्षा चांगली, कारण वळवाचे ढग तुमच्याकडे आधी पोचतात.

हंगाम दोन: मेच्या मध्यापासून मॉन्सून येईपर्यंत, आणि मॉन्सून परतताना सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. दुपारनंतर सह्याद्रीवर ढग फुलकोबीसारखे वाढतात आणि वरचे वारे पूर्वेचे असले की संध्याकाळी कल्याण-ठाण्याकडे उतरतात. दोन वाजल्यापासून पूर्वेकडे बघा. माथा पसरून ऐरणीसारखा सपाट झाला की ढग पक्व झाला.

खरा धोका पावसाआधी येणाऱ्या वाऱ्याचा. ढगातला पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाळतो, ती हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. 13 मे 2024 ला घाटकोपरला फलक कोसळून 17 जणांचे प्राण गेले, ते अशाच वादळी वाऱ्यात. रडारवर हा वारा कधीकधी मुख्य ढगाच्या पुढे केसासारखी बारीक, फिकी रेघ म्हणून दिसतो. डोळ्यांना धुळीची भिंत आणि ढगाखाली फळीसारखी काळी कड दिसते. उकाडा एकदम तुटून गार झुळूक आली की फलक, झाड, पत्र्याची शेड यांपासून दूर व्हायला तुमच्याजवळ फार तर काही मिनिटं आहेत.

विजेचा हिशेब: चमक आणि आवाज यांत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला की आत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास पडलेल्या विजा दाखवतं, ते ठेवा. बंद काचांची चारचाकी बऱ्यापैकी सुरक्षित, बाइक अजिबात नाही.

विजेचे फोटो घरातूनच काढा. पूर्वेची खिडकी, तिवई, आयएसओ 100 ते 200, छिद्र एफ 8, रात्री 8 ते 15 सेकंदांचा उघडा वेळ, फोकस हाताने लांबच्या दिव्यावर लावून कायम केलेला. खोलीतले दिवे बंद करा आणि लेन्सभोवती काळं कापड धरून काचेला भिडवा, नाहीतर फोटोत वीज कमी आणि तुमचा टीशर्ट जास्त येईल.

निसर्ग चक्रीवादळ मुंबईच्या इतकं जवळ धडकूनही शहर बचावलं, आणि तौक्ते लांबून गेलं तरी दाणादाण. हे उलटं कसं? (वर्सोवा कोळीवाड्यातून एक वाचक)

बाजू महत्त्वाची, काका. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. ते ज्या दिशेने सरकतं, त्याच्या उजव्या अंगाला फिरण्याचा वेग आणि सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या अंगाला वजाबाकी. ताशी 20 किलोमीटरने सरकणारं वादळ असेल तर दोन अंगांत सुमारे 40 चा फरक. 3 जून 2020 ला निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढून ईशान्येला गेलं. मुंबई डाव्या अंगाला पडली, वारा जमिनीवरून समुद्राकडे. रायगडने मार खाल्ला. 17 मे 2021 ला तौक्ते समुद्रातून उत्तरेकडे गेलं, मुंबई उजव्या अंगाला. कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 114 किलोमीटरपर्यंत गेला.

होडी पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असो वा नसो, एक खूण उपयोगी पडते: वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, डावा हात पसरा, वादळाचं केंद्र साधारण त्या बाजूला, किंचित पुढे. वारा दक्षिणेचा असेल तर केंद्र पश्चिमेला समुद्रात आहे आणि आपण वाईट अंगाला आहोत. दिशा वळत जाते तसं केंद्र कुठे चाललंय तेही कळतं. अंदाजाच्या नकाशावरचा शंकू मात्र वादळाचा आकार समजू नका. केंद्र कुठे कुठे असू शकेल, तेवढंच तो सांगतो. वारा शंकूबाहेरही पोचतो.

ढगफुटी कधी म्हणायची? (कल्याणहून एक वाचक)

एका तासात 100 मिमी किंवा जास्त, आणि तोही 20-30 चौरस किलोमीटरच्या छोट्या भागात. दिवसभर मिळून 150 झाला तर तो अति मुसळधार पाऊस. वृत्तवाहिन्यांचं सोडून द्या.

हिंदमाताला पाणी भरणार हे आधी कसं ओळखावं? दुकान खाली आहे, माल वर चढवायला अर्धा तास लागतो. (परळहून एक वाचक)

24 तासांचा आकडा तुमच्या कामाचा नाही, तुम्हाला तासाचा हवा. पालिकेच्या ब्रिमस्टोवॅड या पावसाळी नाल्यांच्या प्रकल्पात त्यांची क्षमता ताशी 25 मिमीवरून 50 मिमीवर न्यायचं ठरलं. तुमच्या बाजूला त्या वेगाने 15-20 मिनिटं पडत राहिला, रडारवर मागे ढगांचे डबे दिसताहेत आणि वर भरती चढती आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर माल उचलायला घ्या. चौथीची वाट पाहू नका. भरती साडेचार मीटरच्या वर असते तेव्हा समुद्र नाल्यांच्या तोंडाहून उंच होतो, दरवाजे बंद ठेवावे लागतात आणि सगळा भार पंपांवर येतो. सर्वांत मोठ्या भरत्या पौर्णिमा-अमावस्येनंतरच्या एक-दोन दिवसांत, साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या पुढेमागे.

पालिकेचं भरतीचं वेळापत्रक दुकानात लावाच. ते हाताशी नसेल तर किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण भरतीला अजून दोन तास आहेत की ती उलटून गेली, एवढं कॅलेंडरवर नजर टाकून कळतं.